हरायलाच पाठवलेली टीम

१५ ऑक्टोबर १८९९, सिनसिनाटी. सीझनचा शेवटचा दिवस आणि त्या दिवसातली दुसरी, म्हणजे अगदीच शेवटची मॅच. क्लीव्हलंड स्पायडर्सकडून पिचर म्हणून जो पोरगा उतरला तो टीमचा खेळाडू नव्हताच, एका हॉटेलातल्या सिगारच्या काउंटरवर काम करायचा, एडी कोल्ब नाव त्याचं. सिगारच्या एका डब्यावर सौदा झाला असं सांगतात. बेसबॉल कधी न बघितलेल्यांसाठी एवढंच की पिचर म्हणजे आपला बोलर, फक्त त्या काळी बहुतेक वेळा आख्खी मॅच एकटाच टाकायचा. म्हणजे रणजीच्या मॅचला गेटबाहेरच्या पानवाल्याला आत बोलावून सांगावं की बाबा नवा बॉल आज तू घे आणि संध्याकाळपर्यंत तूच टाक, तसा हा प्रकार. स्कोर लागला १९-३. हरले अर्थातच, आणि तो त्या सीझनमधला १३४ वा पराभव होता.

१५४ मॅच, २० जिंकल्या, १३४ हरल्या. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉलमध्ये, आजतागायत एवढं कोणी हरलेलं नाही. २०२४ ला शिकागो व्हाइट सॉक्स १२१ हरले तेव्हा केवढी बोंब झाली होती, आणि ते तर १६२ पैकी.

अमेरिकेत ही टीम आता जोक झालीय. कोणी फारच वाईट खेळलं की स्पायडर्सचं नाव निघतं, लोक हसतात, विषय संपतो. मी पण आधी हसलोच होतो. पण मग तो सीझन नीट वाचत गेलो आणि हसू जरा कमी कमी होत गेलं, कारण ही टीम वाईट खेळाडूंमुळे एवढी हरली असं नाहीच, तिला मालकाने ठरवून रिकामं केलं होतं, आणि मालकाने असं का केलं तर त्याची दुसरी टीम पण त्याच लीगमध्ये खेळत होती. माझं म्हणणं सरळ आहे. एका लीगमध्ये एका मालकाच्या दोन टीम असता कामा नयेत, मालक कितीही सज्जन असला तरी. आणि ही गोष्ट मालकाच्या सज्जनपणावर सोडायचीच नसते, नियमात लिहून टाकायची असते. आता यात काय एवढं, हे तर शेंबडं पोर पण सांगेल असं वाटेल तुम्हाला, पण थांबा, आज जगात उलटं चाललंय, त्याच्याकडे येतोच.

आधी मालक. फ्रँक डी हास रॉबिसन आणि त्याचा भाऊ स्टॅनली. फ्रँकचा धंदा क्लीव्हलंडमध्ये ट्रामचा. १८९१ ला त्याने लीग पार्क नावाचं लाकडी ग्राउंड बांधलं, आणि कुठे बांधलं तर जिथून आपली ट्राम जाते तिथे, म्हणजे मॅचचं तिकीट पण आपलंच आणि जायला यायला ट्रामचं भाडं पण आपलंच. धंद्याचं डोकं होतं माणसाला, ते मान्यच करायला पाहिजे. टीम पण लेचीपेची नव्हती. साय यंग या टीमचा पिचर, ज्याने पुढे करिअरमध्ये ५११ मॅच जिंकल्या आणि ज्याच्या नावाने आज दरवर्षी बेस्ट पिचरचं अवॉर्ड दिलं जातं तो. जेसी बर्केट नावाचा बॅटर, १८९५ आणि १८९६ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याचं ॲव्हरेज ४०० च्या वर होतं, बेसबॉलमध्ये ३०० म्हणजे चांगला आणि ४०० म्हणजे आपल्याकडे टेस्टमध्ये ९०-९५ चं ॲव्हरेज असावं तसं काहीतरी. १८९५ ला यांनी बाल्टिमोरला हरवून टेम्पल कप जिंकला होता. १८९८ ला ८१ जिंकून पाचवे आले. बारा टीमच्या लीगमध्ये पाचवे, म्हणजे ठीकच.

रॉबिसनचं दुखणं वेगळं होतं. गेटवर पैसे येत नव्हते. क्लीव्हलंड गिरण्या-कारखान्यांचं गाव, लोक आठवड्याचे सहा दिवस कामावर, सुट्टी रविवारी, आणि नेमकं रविवारी मॅच खेळायला बंदी, देवाचा वार म्हणून. १८९७ च्या मे महिन्यात रॉबिसनने मुद्दाम रविवारी मॅच लावून बघितली तर पोलिसांनी दोन्ही टीमच्या खेळाडूंना पकडून नेलं. हे वाचताना मला त्याची थोडी कीव आलीच, खोटं कशाला बोलू. ज्या दिवशी गिऱ्हाईक मोकळं त्या दिवशी दुकान बंद ठेवायचं म्हटल्यावर कोणीही चिडेल. पण चिडला आणि गावावरच रुसून बसला, तिथून सगळं बिघडलं.

तिकडे सेंट लुईसमध्ये रविवारी मॅच चालायची. गाव पण मोठं. तिथल्या ब्राउन्स टीमचा मालक होता क्रिस फॉन डर आहे (‘आहे’ हा आडनावाचाच भाग), जर्मनीहून आलेला, बिअरच्या धंद्यातून वर आलेला भन्नाट माणूस, त्याने ग्राउंडवर पाण्याची घसरगुंडी काय, घोड्यांच्या रेस काय, सगळं करून बघितलं होतं. १८९८ ला त्याची टीम १११ मॅच हरली, त्याच वर्षी स्टँडला आग लागली, कोर्टकचेऱ्या, कर्ज, आणि १८९९ च्या मार्चमध्ये टीम लिलावात निघाली. फिरून फिरून ती आली रॉबिसन बंधूंच्या हातात. आता त्यांच्याकडे दोन टीम झाल्या, एकाच लीगमध्ये, एकमेकांविरुद्ध खेळणाऱ्या. त्याला अडवणारा नियम नव्हता. असता तरी पाळला असता का माहीत नाही, कारण बाकीचे मालक पण त्याच वाटेवर होते, ब्रुकलिन आणि बाल्टिमोर या दोन टीममध्ये त्याच वर्षी मालकांनी एकमेकांचे शेअर घेऊन तोच खेळ मांडला होता.

रॉबिसनने काय केलं तर क्लीव्हलंडचा सगळा माल उचलून सेंट लुईसला नेला. यंग, बर्केट, शॉर्टस्टॉपला खेळणारा बॉबी वॉलेस, हे तिघं पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. शिवाय चाइल्ड्स, क्रायगर, पॉवेल, कपी आणि मॅनेजर पॅट्सी टेबो पण. खेळाडूंना कोणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, त्या काळी रिझर्व्ह क्लॉज होता, म्हणजे एकदा टीमशी करार झाला की पुढच्या वर्षी पण तुम्ही त्याच मालकाचे, तो सोडत नाही तोवर दुसरीकडे जाता येत नाही. मालक मात्र तुम्हाला कुठेही पाठवू शकतो. सेंट लुईसच्या शेवटच्या नंबरच्या टीममधले उरलेसुरले लोक क्लीव्हलंडला पाठवून दिले. सेंट लुईसच्या टीमला नवीन नाव दिलं परफेक्टोज. परफेक्टो हा सिगारचाही एक प्रकार असतो, त्यामुळे हा सीझन सिगारने सुरू होऊन सिगारवरच संपला असं म्हणायला हरकत नाही.

सीझनची पहिली मॅच, १५ एप्रिल, सेंट लुईसमध्ये, परफेक्टोज विरुद्ध स्पायडर्स. आता जरा डोळ्यासमोर आणा. क्लीव्हलंडचा ड्रेस घालून उभे आहेत ते गेल्या वर्षीचे सेंट लुईसवाले. सेंट लुईसचा ड्रेस घालून आहेत गेल्या वर्षीचे क्लीव्हलंडवाले. बॉल टाकतोय साय यंग, आठ-नऊ वर्षं क्लीव्हलंडसाठी टाकला तो आता क्लीव्हलंडला. आणि दोन्ही बाजूंच्या पगाराच्या पाकिटावर सही एकाच घरातली. १०-१ ने सेंट लुईस जिंकलं. या मॅचला मॅच म्हणायचं की नाही हा माझा खरा प्रश्न आहे, बाकीचा सीझन मग हिशोबापुरता उरतो.

पण हिशोब पण बघण्यासारखाच आहे. क्लीव्हलंडचे लोक मूर्ख नव्हते, त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं की आपल्याला काय वाढून ठेवलंय. ते आलेच नाहीत. घरच्या ४२ मॅच झाल्या, त्या सगळ्या मिळून प्रेक्षक ६,०८८. एका मॅचला सरासरी १४५. वानखेडेत ३३ हजार लोक बसतात, इथे पूर्ण सीझनचे लोक आणून बसवले तर पाचवा हिस्सा पण भरणार नाही. माझ्या मामेभावाच्या लग्नाला त्या १४५ च्या तिप्पट पंगत उठली होती. गेटच्या पैशात पाहुण्या टीमला वाटा मिळायचा, त्यावर तिचा रेल्वेचा आणि हॉटेलचा खर्च निघायचा, आता १४५ लोकांच्या तिकिटात काय निघणार, म्हणून बाकीच्या टीम म्हणायला लागल्या की आम्ही क्लीव्हलंडला येत नाही. मग मॅच हलवल्या, घरच्या पण बाहेरच खेळायच्या. शेवटी १५४ पैकी ११२ मॅच परगावी झाल्या. पेपरवाल्यांनी त्यांना नावं ठेवली, भटके, हद्दपार, असली. परगावी ते १०१ मॅच हरले, आणि हा रेकॉर्ड कोणी मोडूच शकत नाही कारण आता एका टीमच्या परगावच्या मॅचच ८१ असतात.

ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लागोपाठ २४ मॅच हरले. शेवटच्या ४१ पैकी ४० हरले. त्यांनी ५२९ रन काढल्या आणि १,२५२ दिल्या. जिम ह्यूई नावाचा पिचर, ४ जिंकला आणि ३० हरला, त्याच्यानंतर एका सीझनमध्ये ३० मॅच हरणारा पिचर मेजर लीगमध्ये झालेला नाही. हॅरी कॉलिफ्लॉवर नावाचा एक होता (हो, खरंच हेच आडनाव), तो १ जिंकला आणि ११ हरला.

आता यात मला जी गोष्ट सगळ्यात जास्त टोचली ती सांगतो. सुरुवातीला मॅनेजर होता लेव्ह क्रॉस, स्वतः चांगला खेळाडू. त्याच्या हाताखाली टीम ८ जिंकली ३० हरली, म्हणजे वाईटच, पण अजून जिवंत होती. मग काय झालं, सेंट लुईसला तिसऱ्या बेसवर माणूस पाहिजे होता, तर क्रॉसलाच उचलून तिकडे नेलं. मॅनेजरलाच! विली सडहॉफ नावाचा पिचर आधी इकडे पाठवला होता, तो पण परत तिकडे. म्हणजे क्लीव्हलंडमध्ये राहिलेल्या पोरांना संदेश काय गेला, की चांगलं खेळलात तर या टीममधून जाल, वाईट खेळलात तर इथेच सडाल. टीममधल्या प्रत्येकाने जीव तोडून खेळायचं ते टीम जिंकावी म्हणून नाही तर टीममधून सुटका व्हावी म्हणून. असं असताना ती पोरं २० मॅच जिंकली हेच मला जास्त वाटतं.

क्रॉसनंतर मॅनेजर झाला जो क्विन. जन्म ऑस्ट्रेलियातला, मेजर लीग खेळलेला पहिला ऑस्ट्रेलियन, आणि याचा जोडधंदा काय होता माहितीये, अंत्यसंस्काराची व्यवस्था करायचा. अंडरटेकर. हे मी रचून सांगत नाहीये. त्याच्या हाताखाली टीम १२ जिंकली आणि १०४ हरली. माणूस शांतपणे खेळत राहिला, स्वतःचं ॲव्हरेज २८६ च्या आसपास ठेवलं, कुठे पळून गेला नाही. मयताचं सामान नीट लावून द्यायची सवय असलेला माणूसच हे काम करू जाणे.

बरं एवढं सगळं करून रॉबिसनला मिळालं काय? परफेक्टोज ८४ जिंकले, ६७ हरले आणि आले पाचवे. पाचवे! आदल्या वर्षी हीच पोरं क्लीव्हलंडमध्ये राहून पाचवीच आली होती. आख्खं गाव रिकामं केलं, एक टीम मातीत घातली, आणि टेबलवर नंबर तोच.

लोक रॉबिसनला व्हिलन करतात ते मला पटत नाही, आणि माझा सगळा मुद्दा इथेच आहे. त्याच्या जागी बसून बघा. तुमची दोन दुकानं आहेत, एकात गिऱ्हाईक येतंय, दुसऱ्यात येत नाही, तर चांगला माल तुम्ही कुठे ठेवाल? कोणताही व्यापारी हेच करेल, त्याला कोणी बेइमान म्हणणार नाही. पण दुकानं एकमेकांशी मॅच खेळत नाहीत. खेळात जो माल विकला जातो तो मुळात एकच आहे, की समोरासमोरच्या दोघांनाही जिंकायचंय. बाकी सगळं म्हणजे ग्राउंड, ड्रेस, लाइट, कॉमेंट्री हे वरचं आवरण. तो एक भरवसा गेला की उरतं ते नाटक, आणि नाटकच बघायचं तर मग चांगलं लिहिलेलं बघू ना. दोन टीमचा मालक रात्री शांत झोपलेला माणूस असला तरी हा भरवसा राहत नाही, कारण त्याच्या हिताचं एका टीमला हरवण्यात आहे का जिंकवण्यात हे प्रेक्षकाला बाहेरून कधीच कळणार नाही. लबाडी झालीच पाहिजे असं नाही. शंका आली तरी पुरे.

हे मला कुठल्याही वाचनाआधी एकदा कळलं होतं, फक्त शब्दात मांडता आलं नव्हतं. आमच्या तालुक्याच्या गावी टेनिस बॉलची लीग होते, दर उन्हाळ्यात, लिलाव-बिलाव सगळं असतं, शंभर रुपये बोली लागली तरी माइकवर पाच वेळा नाव घेतात. मी स्कोररच्या टेबलावर बसतो, पाय दुखतो म्हणून खेळणं बंद झालंय. एका वर्षी एका स्पॉन्सरच्या दोन टीम होत्या, एक स्वतःच्या नावावर आणि एक भाच्याच्या. लीगच्या शेवटच्या मॅचला या दोन टीम समोरासमोर, एकीचं सेमीचं तिकीट पक्कं होतं, दुसरीला रन रेट वाढवून जिंकायला पाहिजे होतं. एकोणिसाव्या ओव्हरला त्यांचा सगळ्यात चांगला बोलर काढला आणि विकेटकीपरला बोलिंग दिली. पोराने तीन वाइड टाकले, एक फुल टॉस टाकला, आणि टाकताना तो बॅट्समनकडे बघतच नव्हता, खाली बघत होता. मी वहीत वाइडचे टिंब मारत होतो. शेजारच्या टेबलावरचा कॉमेंट्रीवाला जो एरवी एका सिंगलला पण आरोळी ठोकतो तो गप्प. आता त्यांनी मुद्दाम केलं का? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, कीपर दोन-चार वेळा आधी पण बोलिंग टाकून गेला होता. पण सेमीफायनलला निम्मी माणसं आली नाहीत आणि जी आली ती प्रत्येक वाइडला हसत होती. त्या पोराचं मला वाईट वाटतं, तो पुढच्या वर्षी खेळायला आलाच नाही.

आता याच्यावर लोक काय म्हणतात ते पण सांगायला पाहिजे. पहिलं म्हणजे, पैसेवाला मालक बुडणाऱ्या टीमला वाचवतो. हे काही खोटं नाही. सेंट लुईसची टीम खरंच बुडत होती, कोणीतरी घेतलीच नसती तर तिथलं बेसबॉल बंद पडलं असतं कदाचित. पण मग रॉबिसनने क्लीव्हलंड विकून सेंट लुईस घ्यायला हवं होतं. एक सोडून दुसरी घ्या, कोणाची ना नाही. दोन्ही मुठीत ठेवून एकीचं रक्त दुसरीला द्यायचं याला वाचवणं कसं म्हणायचं. आणि क्लीव्हलंड हे काही खेडं नव्हतं, १९०० च्या जनगणनेत देशातलं सातव्या नंबरचं शहर होतं ते. १९०१ ला नवीन अमेरिकन लीगची टीम तिथे आली, त्याच लीग पार्कवर खेळली, आणि पहिल्याच वर्षी लाखाच्या वर लोक आले. १९४८ ला तर त्या टीमच्या घरच्या मॅचेसना २६ लाखांच्या वर प्रेक्षक झाले. गाव तेच. रविवारचं दुखणं होतंच, पण लोकांना बेसबॉल नको होतं हे काही खरं नाही.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे, बाल्टिमोरचा. तिथे पण तेच झालं होतं, मॅनेजर नेड हॅनलन ब्रुकलिनला गेला आणि कीलर, केली, जेनिंग्ज यांना घेऊन गेला. पण जॉन मॅकग्रॉ आणि विल्बर्ट रॉबिन्सन हे दोघं हटले नाहीत, त्यांचा बाल्टिमोरमध्ये धंदा होता, आम्ही इथेच राहणार म्हणाले. २६ वर्षांचा मॅकग्रॉ मॅनेजर झाला आणि ती उरलेली टीम ८६ जिंकून चौथी आली, म्हणजे रॉबिसनच्या भरलेल्या टीमच्या वर! मग कोणी म्हणेल बघा, मालक एक असला तरी जिगर असेल तर टीम लढते. लढली, मान्य. ब्रुकलिन १०१ जिंकून पहिलं आलं. पण सीझन संपल्यावर लीगने बारावरून आठ टीम करायचं ठरवलं तेव्हा ज्या चार काढल्या त्यात क्लीव्हलंड होतं, वॉशिंग्टन, लुइव्हिल होतं आणि चौथं बाल्टिमोर. चौथी आलेली टीम काढून टाकली. का? कारण मालकांकडे ब्रुकलिन होतंच, दोनातलं एक ठेवायचं तर मोठं शहर ठेवणार. म्हणजे १३४ मॅच हरलेल्या टीमचं जे झालं तेच ८६ जिंकलेल्या टीमचं झालं. मैदानावर तुम्ही काय करता याला काही किंमतच राहिली नाही. मला वाटतं स्पायडर्सपेक्षा ही गोष्ट जास्त भयंकर आहे, पण ती कोणाला आठवत नाही कारण त्यात हसण्यासारखं काही नाही.

आणि हे प्रकरण तिथेच थांबलं असतं असंही नाही. १९०१ ला न्यूयॉर्कचा अँड्र्यू फ्रीडमन, सिनसिनाटीचा जॉन ब्रश वगैरे मालकांनी असा बेत आखला की आख्ख्या लीगचीच एक कंपनी करायची, प्रत्येक मालकाला शेअर, आणि खेळाडू कुठल्या टीममध्ये जाणार ते कंपनी ठरवणार. आपले रॉबिसनसाहेब त्यात होतेच. आठातले चार मालक एकीकडे, चार दुसरीकडे अशी फाटाफूट झाली आणि जुना खेळाडू आणि खेळाच्या सामानाचा व्यापारी ए. जी. स्पाल्डिंग याने भांडून ते हाणून पाडलं. पुढे बेसबॉलने नियम केला की एका माणसाला दोन टीमवर ताबा ठेवता येणार नाही.

नियम झाला म्हणून सगळं सुरळीत झालं का, तर नाही. १०० वर्षांनी लीगनेच तो गुंडाळून ठेवला. २००२ ला माँट्रियल एक्सपोज ही टीम मेजर लीगने विकत घेतली, म्हणजे बाकीच्या २९ टीमचे मालक हेच या टीमचे पण मालक. २००३ ला घरच्या २२ मॅच पोर्तो रिकोला सान हुआनमध्ये नेल्या. आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी टीम प्लेऑफच्या शर्यतीत होती, सप्टेंबरमध्ये सगळ्या टीम खालच्या लीगमधून जादा खेळाडू बोलावतात, तर यांना परवानगी मिळाली नाही, खर्च नको म्हणून. खर्च नको म्हणणारे कोण, तर ज्यांच्या टीम त्याच प्लेऑफच्या जागेसाठी भांडत होत्या ते. २००५ ला टीम वॉशिंग्टनला गेली. सूट-बूट घातलेला १८९९ च हा, फक्त सिगारवाला तेवढा नव्हता.

आता आपल्याकडे बघा. आयपीएलच्या मालकांनी जगभर टीम घेतल्यात. मुंबई इंडियन्सवाल्यांची न्यूयॉर्क आहे, केप टाउन आहे, एमिरेट्स आहे, नाइट रायडर्सची त्रिनिदाद, लॉस एंजेलिस, अबू धाबी, सुपर किंग्जची टेक्सास आणि जोहान्सबर्ग. लीग वेगवेगळ्या, या टीम एकमेकांशी खेळत नाहीत, त्यामुळे रॉबिसनसारखं काही नाही हे मी आधीच कबूल करतो, आणि यात कोणी काही गैर केलं असंही मला म्हणायचं नाही. तरी एक गोष्ट बघा. २०२३, २०२४, २०२५ अशी तीन वर्षं दक्षिण आफ्रिकेची लीग आणि यूएईची लीग जानेवारी-फेब्रुवारीत एकाच वेळी चालू होत्या. पोलार्ड आधी एमिरेट्सकडून खेळत होता, २०२४ ला केप टाउनचा कॅप्टन झाला, एमिरेट्सचा कॅप्टन पूरन. त्या वर्षी एमिरेट्स चॅम्पियन आणि केप टाउन शेवटचं. पुढच्या वर्षी केप टाउन चॅम्पियन. नियमात सगळं बसतं, बेरीज-वजाबाकी मात्र एकाच ऑफिसात होते, आणि केप टाउनला तिकीट काढून बसलेल्या माणसाने त्यात काय समजायचं ते त्याचं तो. मला हे आज चालेल, पण याच्या पुढची पायरी, म्हणजे एकाच लीगमध्ये किंवा पुढे कधी या सगळ्या टीमची मिळून एखादी स्पर्धा झाली तर, ती आली की लगेच थांबवायची.

फुटबॉलवाल्यांना ही पायरी लागली आणि त्यांनी थांबवून दाखवली. १९९८ ला एनिक नावाच्या कंपनीच्या एईके अथेन्स आणि स्लाव्हिया प्राग अशा दोन टीम एकाच युरोपियन स्पर्धेत आल्या तेव्हा युएफाने, म्हणजे युरोपातल्या फुटबॉलच्या संघटनेने, नियम केला, कंपनी खेळांच्या लवादाकडे गेली आणि हरली. २०२५ ला क्रिस्टल पॅलेस एफए कप जिंकून युरोपा लीगला पात्र झालं, पण त्यांच्या एका मालकाची भागीदारी फ्रान्सच्या लियॉमध्ये पण होती म्हणून त्यांना खालच्या स्पर्धेत ढकललं. पॅलेसचे लोक किती चिडले होते, त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे, पोरांनी मैदानावर मिळवलेलं कागदावर गेलं. मला पण त्या वेळी वाईट वाटलं. तरी मी युएफाच्याच बाजूने आहे. नियम टोचतो तेव्हाच तो नियम आहे हे कळतं, आणि मॅकग्रॉच्या बाल्टिमोरला जे भोगावं लागलं त्याच्यापुढे पॅलेसचं काहीच नाही. मॅन्चेस्टर सिटीवाल्यांच्या ग्रुपने २०१९ ला आपल्या मुंबई सिटीचे ६५ टक्के घेतले तेव्हा आपल्याकडे सगळे खूश होते, मी पण होतो, पण त्या ग्रुपच्या एवढ्या सगळ्या टीममध्ये मुंबईचा नंबर कितवा असेल हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

आणि आपल्याकडे तर हे तत्त्व थेट सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय. बीसीसीआयने एका नियमात बदल करून बोर्डाच्या पदाधिकाऱ्यांना आयपीएलमध्ये टीम ठेवायची वाट मोकळी केली होती, जानेवारी २०१५ ला कोर्टाने तो बदलच रद्द केला. एका माणसाने दोन्हीकडे पाय ठेवला की खेळावरचा लोकांचा विश्वास जातो हे तेव्हा इतकं स्वच्छ सांगितलं गेलं, तरी गावातल्या लीगपासून वरपर्यंत आपण परत परत तेच करतो.

साय यंग सेंट लुईसमध्ये दोनच सीझन राहिला. १९०१ ला नवीन लीग आली, जुने करार मानायला ती तयार नव्हती, तो सरळ उठून बॉस्टनला गेला. क्विनने पुढे आपला अंत्यसंस्काराचा धंदा सांभाळला. सीझन संपल्यावर स्पायडर्सच्या पोरांनी आपसात वर्गणी काढून टीमच्या सेक्रेटरीला हिऱ्याचं लॉकेट दिलं म्हणतात, सगळ्या मॅच बघायला लागलेला जगातला एकटा माणूस म्हणून.

यंदाच्या आमच्या लीगच्या प्रवेश फॉर्मवर मी एक ओळ टाकायला सांगितलीये, एका घरातून एकच टीम, भाचा धरून. कमिटीतले दोघं हो म्हणालेत, तिसरे म्हणाले स्पॉन्सरला विचारून सांगतो.